तलवारींच्या कमानीखालची नवरी

फौजी लग्नाबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. हुंड्यावर बोला, मानपानावर बोला, कन्यादानावर तर रात्रभर बोला. पण नवरदेव गणवेशात असला की सगळ्यांच्या जिभा जड होतात. चळवळीत वीस-वीस वर्षं काढलेल्या मैत्रिणींच्यासुद्धा! "तो तिकडे बर्फात उभा राहतो म्हणून तुम्ही इथे सभा घेऊ शकता," एवढं एक वाक्य कुणी फेकलं की पुढचं सगळं बोलणं खुंटतं.

हा नियम मला मोडायचा आहे. पण आधी एक स्पष्ट करते. मी सैनिकांची टवाळी करायला बसलेली नाही. मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडचं अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. आमच्या भागात घराघरात भिंतीवर गणवेशातला एक तरी फोटो असतो आणि एकेकाळी कितीतरी चुली मनीऑर्डरवर पेटत. फौज ही आमच्यासाठी दूरदर्शनवर दिसणारी परेड नाही. ती आमच्या घरातली गोष्ट आहे. म्हणूनच तिच्याबद्दल बोलायचा आम्हा बायकांना हक्क आहे. अपशिंग्याच्या त्या ४६ जणांची आठवण गावाने जपली. त्यांच्यामागे किती बायका राहिल्या, त्यांनी पुढची चाळीस-पन्नास वर्षं कशी काढली, हे सांगणारा दगड मी तरी अजून कुठे पाहिलेला नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. फौजी लग्नाच्या समारंभात सन्मान होतो तो गणवेशाचा. बाई त्या सन्मानात येते ती नवऱ्याची पुरवणी म्हणून. आणि मग पुढे आयुष्यभर, अगदी तो गेल्यानंतरही, घर आणि सरकार दोघंही तिच्याशी पुरवणी समजूनच व्यवहार करतात. समारंभातला तो एक तास पुढच्या सगळ्या वर्षांची रंगीत तालीम असतो.

फोटो चालतो, बाई चालत नाही

गेल्या माघात माझ्या बहिणीच्या मुलाचं लग्न झालं. भाचा कॅप्टन आहे. गुणी पोरगा आहे, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेला. सकाळी लग्न आणि संध्याकाळी साताऱ्यात एका मंगल कार्यालयात स्वागत समारंभ. त्याचे आठ मित्र समारंभाच्या गणवेशात आले होते. त्यांनी दोन रांगा करून तलवारी उंचावल्या, कमान झाली आणि तिच्याखालून नवरा-नवरी चालत व्यासपीठावर गेले. बँड वाजला, टाळ्या पडल्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे पाणावले. माझेही पाणावले. त्यात मला लपवण्यासारखं काही वाटत नाही.

मग निवेदकाने ओळख करून द्यायला सुरुवात केली. भाच्याची शाळा, प्रबोधिनी, कुठल्या साली कमिशन मिळालं, कुठे कुठे नेमणूक झाली, कुठल्या हिवाळ्यात तो किती उंचीवर होता, सगळं तपशीलवार सांगितलं. नवरीची ओळख एका वाक्यात आटोपली, "आणि आता यांच्या सौभाग्यवती!" त्यानंतर एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनी भाषण केलं. ते म्हणाले, "आता कॅप्टनसाहेबांना पाठीमागची काळजी नाही. घरची आघाडी सांभाळणारी आली." पुन्हा टाळ्या.

आता या मुलीची ओळख मी करून देते. ती एका अनुदानित शाळेत गणित शिकवते. शिक्षण सेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर तिने तीन वर्षं काढली आणि गेल्या वर्षी ती कायम झाली. तालुक्याच्या ठिकाणी रोज एसटीने जाऊन-येऊन. दहावीच्या मुलींचे जादा तास ती पैसे न घेता घ्यायची. हे सगळं सांगायला निवेदकाला फार तर दोन मिनिटं लागली असती. ते कुणाच्या मनातच आलं नाही. मी तिला जेवताना विचारलं, "नोकरीचं काय ठरवलंस गं?" ती म्हणाली, "मावशी, सहा महिने बिनपगारी रजा टाकलीय. यांचं पुढचं पोस्टिंग कळलं की बघू."

मैत्रिणींनो, या 'बघू'चा अर्थ आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. साताऱ्यातल्या शाळेतली नोकरी पठाणकोटला किंवा तेजपूरला बदलून मिळत नाही. दोन-तीन वर्षांनी गाव बदलणार, प्रत्येक गावात तिने पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची, आणि नवऱ्याची नेमणूक सीमेवर झाली की कुटुंबाला बरोबर नेता येत नाही म्हणून परत सासरी यायचं. या सगळ्याला तिने आनंदाने होकार दिलाही असेल. पण तो होकार कुणी मागितलाच नव्हता. भाषणात तो गृहीत धरलेला होता.

त्याच समारंभातली दुसरी गोष्ट याहून जड आहे. व्यासपीठाच्या एका बाजूला गणवेशातला एक मोठा फोटो ठेवला होता. ताजा हार, समोर निरांजन. भाच्याचे धाकटे काका २००० साली काश्मीरमध्ये मारले गेले, त्यांचा तो फोटो. त्यांच्यामुळेच भाच्याने लहानपणापासून फौजेचं स्वप्न पाहिलं, हेही निवेदकाने सांगितलं. सगळे उभे राहिले, दोन मिनिटं शांतता पाळली. आणि त्या काकांची बायको, भाच्याची काकू, बायकांच्या बाजूला पाचव्या रांगेत भिंतीकडेला बसली होती. औक्षणाला पाच सुवासिनी बोलावल्या, त्यात तिचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. मी जाऊन तिला म्हटलं, "चला, तुम्ही ओवाळा, तुमचा मान आहे." तिने मान हलवली आणि म्हणाली, "राहू द्या ताई. त्यांचा फोटू चालतो, मी चालत नाही."

ती हे रागाने बोलली नाही. पाऊस पडतोय म्हणावं तसं बोलली. पण फौजी घरातल्या बाईची सारी अवस्था या एका वाक्यात आली. मेलेला पुरुष मंगल असतो आणि त्याची जिवंत बायको अमंगल. १५ ऑगस्टला तिला शाळेत झेंड्यासमोर खुर्ची मिळते, शाल-नारळ मिळतो, 'वीरपत्नी' म्हणून माइकवर नाव पुकारलं जातं. आणि घरात कार्य निघालं की तीच बाई भिंतीकडेला जाते. मग 'वीरपत्नी' या शब्दातला मान नेमका कुणाचा?

काकूची चौदा महिन्यांची वणवण

काकूचं वय तेव्हा २३ होतं. मुलगी दोन वर्षांची. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, पण तिच्या नवऱ्याने लग्नाची नोंद आपल्या सेवापुस्तकात करूनच घेतलेली नव्हती. सुट्टीत लग्न झालं, सुट्टी संपली, तो गेला. गावात तेव्हा लग्न नोंदवायची पद्धत नव्हती. कागदावर वारस म्हणून वडिलांचं नाव. फौजेत याला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. लग्न, मूल, सगळं या आदेशाने नोंदलं जातं. ती नोंद नसेल तर बाईने आपण बायको असल्याचं सिद्ध करत फिरायचं. काकू चौदा महिने फिरली. सरपंचाचा दाखला, तलाठ्याचा दाखला, भटजींचा जबाब, लग्नातला फोटो. संबंधित कार्यालयातल्या एका कारकुनाने तिला विचारलं होतं, "लग्न झालं होतं कशावरून?" कडेवर त्याच नवऱ्याची मुलगी होती!

आणि त्याच काळात घरातून दुसरा घोषा चालू झाला. धाकट्या अविवाहित दिराशी लग्न कर, म्हणजे घरातलं घरात राहील. घरातलं म्हणजे काय? पेन्शन, भरपाईची रक्कम, आणि तीसुद्धा. ती नाही म्हणाली. त्या 'नाही'ची किंमत तिने पुढे कित्येक वर्षं मोजली. कारगिलनंतर उत्तर भारतातल्या खेड्यांतून अशाच बातम्या येत होत्या: भरपाईचा पैसा घराबाहेर जाऊ नये म्हणून विधवेला दिराच्या गळ्यात बांधणं.

कुणी म्हणेल, हा अडाणी घरातल्यांचा दोष, सरकारचा यात काय संबंध? ऐका. शौर्यपदकाबरोबर जो मासिक भत्ता मिळतो, तो पदकविजेत्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेला मिळत असे. तिने पुनर्विवाह केला की बंद. याला अपवाद एकच. तिने दिवंगत पतीच्या भावाशी लग्न केलं तर भत्ता चालू! ही अट आमच्या गावातल्या सासऱ्याने लिहिलेली नव्हती, ती सरकारी आदेशात होती. संरक्षण मंत्रालयाने ती काढून टाकली नोव्हेंबर २०१७ मध्ये. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं उलटल्यावर. तोवर या देशाचं सरकार शूर सैनिकाच्या विधवेला सांगत होतं की बाई, तू त्या घराची मालमत्ता आहेस, त्या घरात राहिलीस तरच तुझा मान.

तिने लग्न केलं म्हणून तिला काढलं

आता लग्नाचाच मुद्दा घेऊ. फौजी लग्नाचा एवढा सोहळा करणाऱ्या या व्यवस्थेने बाईच्या लग्नाकडे कसं पाहिलं?

लेफ्टनंट सेलिना जॉन मिलिटरी नर्सिंग सेवेत अधिकारी होत्या. १९८८ साली त्यांना नोकरीतून काढलं. कारण? त्यांनी लग्न केलं. तेही लष्करातल्याच एका मेजरशी. १९७७ च्या एका लष्करी आदेशानुसार नर्सिंग अधिकाऱ्याचं लग्न हे तिला सेवेतून काढण्याचं कारण होऊ शकत होतं. तो आदेश १९९५ मध्ये मागे घेतला गेला, पण सेलिना जॉन यांना न्याय मिळायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उघडउघड मनमानीचा आणि लिंगभेदाचा ठरवला आणि त्यांना ६० लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. मध्ये छत्तीस वर्षं गेली. एक अख्खी नोकरी गेली.

एकच लग्न, दोघंही फौजेतले. त्याच्यासाठी ते लग्न म्हणजे अभिनंदनाचा विषय, तिच्यासाठी तेच लग्न म्हणजे घरी बसवण्याचं कारण. पुरुषाने लग्न केलं तर त्याला 'पाठीमागची काळजी नाही'. बाईने लग्न केलं तर तीच कुणाची तरी 'पाठीमागची' झाली, आता ती आघाडीवर काय करणार? स्वागत समारंभातलं ते भाषण आणि १९७७ चा तो आदेश यांची भाषा वेगळी असेल, पण विचार एकच आहे.

दुसरा नमुना पाहा. एखाद्या अधिकाऱ्याचे सहकाऱ्याच्या बायकोशी संबंध आले, तर लष्करात त्याच्यावर कोणत्या शब्दांत आरोप ठेवला जातो? 'बंधू-अधिकाऱ्याच्या पत्नीचं प्रेम चोरणं'! चोरी वस्तूची होते. वस्तूला मालक असतो. त्या बाईने स्वतःचं मन स्वतः दिलं असेल, की तिच्यावर जबरदस्ती झाली असेल, हा प्रश्न या शब्दांत बसतच नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दंडविधानातलं ४९७ कलम रद्द केलं, कारण ते बाईला नवऱ्याची मालमत्ता मानत होतं. पण जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने खुलासा केला की त्या निकालामुळे सैन्यदलांच्या अशा शिस्तभंगाच्या कारवाईला बाधा येत नाही. शिस्त हवी हे मान्य. पण शिस्तीची भाषाही बाईला चोरीचा माल ठरवणारी असायलाच हवी का?

तिसरा. आपल्या केंद्रांत येणाऱ्या कार्यकर्त्यांना हा अनुभव असेल. फौजीची बायको पोटगीसाठी येते. १९५० च्या लष्कर कायद्याच्या २८ व्या कलमाप्रमाणे सैनिकाचा पगार दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यापोटी जप्त करता येत नाही. याच कायद्याच्या ९० व्या आणि ९१ व्या कलमांत बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून कपात करायची सोय आहे, पण तो आदेश द्यायचा लष्करी अधिकाऱ्यांनी. म्हणजे मारहाण करणाऱ्या, टाकून देणाऱ्या नवऱ्याविरुद्ध दाद मागायची ती त्याच्याच वरिष्ठांकडे. तिथे माणुसकीने वागणारे अधिकारी असतात. पण हक्क हा कुणाच्या माणुसकीवर अवलंबून असला तर तो हक्क कसला? ज्या संस्थेत नवरा हा 'आपला माणूस' आहे, तिथे बायको बाहेरचीच ठरते. लक्षात ठेवा, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सैनिकाच्या घरालाही लागू आहे. गणवेश घातला की तो कायदा बाहेर राहत नाही, हे आपण बायकांना ठासून सांगितलं पाहिजे.

नवऱ्याच्या खांद्यावरची पात्रता

अधिकाऱ्यांच्या बायकांचं चित्र वरवर बरं दिसतं. चांगला बंगला, क्लब, समारंभ. १९६६ साली सुरू झालेली लष्करी पत्नींची कल्याण संघटना, 'आवा', विशेष मुलांसाठी शाळा चालवते, विधवांसाठी काम करते. हे काम मोलाचं आहे. पण या संघटनेची रचना बघा. लष्करप्रमुखांच्या पत्नी अध्यक्ष. खाली प्रत्येक पायरीवर त्या त्या अधिकाऱ्याची बायको. तुमचं शिक्षण काय, तुम्हाला कामाची आवड किती, हा प्रश्न नंतरचा. तुमची पात्रता तुमच्या नवऱ्याच्या खांद्यावर असते आणि तो निवृत्त झाला की तुमचीही मुदत संपते. बिनपगारी काम, तेही उतरंडीने. हे कल्याण नव्हे म्हणत नाही मी. पण बायकांच्या श्रमावर चालणारं आणि नवऱ्याच्या हुद्द्याने मोजलं जाणारं हे काम आहे, एवढं तरी मोकळेपणाने म्हणूया.

आणि जवानाची बायको? तिला तलवारींची कमान नसते. सुट्टीत साखरपुडा, त्याच सुट्टीत लग्न, आणि हळद उतरायच्या आत तो परत. क्वार्टर मिळायला वर्षं जातात, मिळालं तरी थोड्या काळापुरतं. ती सासरी राहते. शेती बघते, म्हशी बघते, सासू-सासऱ्यांची दुखणी काढते. नवरा जवळ नाही म्हणून तिच्या चालण्या-बोलण्यावर गावाचे डोळे. हे सगळं काम कुठल्याही अंदाजपत्रकात नाही. पण ती हे करते म्हणून फौज त्याला अकरा-अकरा महिने लांब ठेवू शकते. 'घरची आघाडी' म्हणता ना? मग आघाडीवरच्या माणसाला पगार असतो, रजा असते, पेन्शन असते. हिला काय?

आजवर एक उत्तर तरी होतं, पेन्शन. पोरीचा बाप म्हणायचा, फौजी जावई म्हणजे नोकरी पक्की, पेन्शन पक्की. त्या 'पक्क्या'साठी हुंड्याचा आकडाही चढायचा. २०२२ पासून अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर पुढे कायम होणारे फार तर चारातला एक, आणि अग्निवीराला पेन्शन नाही. कर्तव्यावर मृत्यू आला तर विम्याचे ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख आणि इतर काही रकमा एकदाच मिळतात, पण दरमहाची कुटुंब-पेन्शन नाही. रकमेचा आकडा मोठा दिसतो. पण एकरकमी पैसा सासरी, माहेरी, सावकाराकडे कसा वाटला जातो हे आपण पाहिलेलं आहे. दरमहा बाईच्या खात्यात येणारी रक्कम म्हातारपणापर्यंत तिची असते. वीर म्हणायचं आणि त्याच्या मागे राहिलेल्यांचं मासिक उत्पन्न काढून घ्यायचं, हा कुठला सन्मान?

ती बोलली की

एप्रिल २०२५. नौदलातले लेफ्टनंट विनय नरवाल यांचं १६ तारखेला लग्न झालं, १९ ला स्वागत समारंभ झाला आणि २२ ला पहलगाममध्ये अतिरेक्यांनी त्यांना मारलं. त्यांच्या शेजारी बसलेल्या हिमांशी नरवाल यांचा फोटो साऱ्या देशाने पाहिला. लोक रडले, शपथा घेतल्या, तिच्या नावाने घोषणा दिल्या. मग १ मेला तिने तोंड उघडलं. आम्हाला न्याय हवा आहे, पण मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, अशा अर्थाचं ती बोलली. झालं! काल जिच्यासाठी डोळे ओले होते, तिच्यावर आज इतकी घाण उडवली गेली की राष्ट्रीय महिला आयोगाला तिच्या बाजूने बोलावं लागलं.

त्याआधी जुलै २०२४ मध्ये असंच झालं होतं. सियाचीनमध्ये आदल्या वर्षी आगीत इतरांना वाचवताना गेलेले कॅप्टन अंशुमन सिंह यांचं कीर्तिचक्र पत्नी स्मृती आणि आई यांनी स्वीकारलं. काही दिवसांत मृताचे आई-वडील वारसाचे नियम बदला म्हणू लागले, आणि समाजमाध्यमांवर त्या विधवेचं रूप, तिचं वय, तिचा हेतू यांवर वाटेल ते लिहिलं गेलं. आई-बापांचं दुःख खरं आहे. त्यांच्या म्हातारपणाची सोय सरकारने वेगळी आणि भरपूर करावी, त्यासाठी आपणही त्यांच्याबरोबर उभं राहू. पण ती सोय विधवेच्या ताटातून काढून का? सरकारने हात आखडता घ्यायचा आणि सासू-सुनेने एका भाकरीवरून भांडायचं, हा खेळ आपल्याला काही नवा नाही.

या दोन्ही घटनांत सूत्र एकच आहे. फोटोत गप्प बसलेली वीरपत्नी देशाला हवी असते. बोलणारी, निर्णय घेणारी, पुढे जगू पाहणारी बाई नको असते.

"पण आता मुली फौजेत जातात की!"

हो, जातात, आणि मला त्याचा आनंद आहे. आमच्या जिल्ह्यातल्या स्वाती महाडिक यांनी पती कर्नल संतोष महाडिक २०१५ साली कुपवाड्यात मारले गेल्यावर प्रशिक्षण पुरं केलं आणि २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. त्यांच्या जिद्दीपुढे मान झुकते. पण प्रत्येक विधवेने लेफ्टनंट व्हावं, तरच तिचा मान, असा त्याचा अर्थ होत नाही.

बायकांना कायम कमिशन देण्याविरुद्ध सरकारने न्यायालयात काय मांडलं होतं, आठवतं? गरोदरपण, मुलं, घरच्या जबाबदाऱ्या, आणि खेड्यातून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला तयार होणार नाहीत! म्हणजे आधी बायकोला घरी बसवायचं, आणि मग ती घरी बसते म्हणून तिला फौजेत अडवायचं. १७ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. पुढे खडकवासल्याच्या प्रबोधिनीची दारंही न्यायालयाच्या आदेशानेच उघडली आणि ३० मे २०२५ ला १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. या सतरा जणींची लग्नं होतील. त्यांच्या समारंभात निवेदक नवऱ्याला उद्देशून म्हणेल का, "आता यांना पाठीमागची काळजी नाही"? तो नवरा नोकरीवर बिनपगारी रजा टाकेल का? ज्या दिवशी असं होईल, त्या दिवशी मी हा लेख मागे घेईन.

मग आपण काय करायचं?

समारंभावर बहिष्कार घाला असं मी म्हणत नाही. मुलांना ओवाळा, जेवा, नाचा. सीमेवर जाणारं पोर सुखरूप परत यावं म्हणून जीव टांगणीला लागतो, तो काही आपला पुरुषप्रधान संस्कार नव्हे, ती माया आहे. पण मायेपोटी डोळे मिटायचे नाहीत. ज्या गावांत, ज्या भावकीत फौजी लग्नं होतात, तिथे आपल्या गटांनी काही ठोस कामं हाती घ्यावीत.

पहिलं, कागद. लग्न लागल्यावर त्याच सुट्टीत विवाह नोंदणी करून घ्या. नवरा युनिटला परतला की सेवापुस्तकात लग्नाची नोंद झाली का हे विचारा आणि पार्ट टू ऑर्डरची प्रत बायकोने स्वतःजवळ ठेवावी. मूल झालं की पुन्हा तेच. विम्यात, फंडात वारस म्हणून कुणाचं नाव आहे हे तिला माहीत हवं. बँकेत दोघांचं खातं हवं. हे विचारणं म्हणजे अशुभ बोलणं नव्हे. काकूच्या चौदा महिन्यांची वणवण एका कागदाने वाचली असती.

दुसरं, ओळख. फौजी असो वा नसो, व्यासपीठावरून नवऱ्याची जेवढी माहिती सांगाल तेवढीच नवरीची सांगा. आणि नोकरीबद्दलचं बोलणं लग्नाआधी, दोन्ही घरांसमोर, तिच्या तोंडून होऊ द्या. 'बघू' नको.

तिसरं, औक्षण. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या कुंकू पुसण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. आता प्रत्येक फौजी गावात असा ठराव व्हायला हवा, आणि तो कागदावर राहू नये म्हणून पहिला मान विधवेच्या हातात द्यायला हवा. ज्या घराला हुतात्म्याचा फोटो व्यासपीठावर हवा आहे, त्या घराला त्याच्या बायकोच्या हातचं निरांजनही चाललं पाहिजे. नसेल चालत, तर फोटोही खाली उतरवा.

चौथं, सरकारकडे मागण्या. पोटगीच्या अर्जावर ठराविक मुदतीत निर्णय आणि त्या चौकशीत लष्कराबाहेरच्या स्त्रीचा सहभाग. पुनर्विवाहावरून विधवेचा कुठलाही लाभ तोडू नये, कुणाशी लग्न केलं हे विचारूही नये. अग्निवीराच्या पत्नीला मासिक कुटुंब-पेन्शन. वृद्ध आई-वडिलांसाठी स्वतंत्र तरतूद. नोकरी करणाऱ्या फौजी पत्नींना राज्याबाहेर बदलीच्या काळात लांब मुदतीची रजा आणि परत आल्यावर तीच जागा.

आणि एक मागणी आपल्या स्वतःकडे. आपली शिबिरं, आपली समुपदेशन केंद्रं शहरांत भरतात. फौजीच्या बायका तिथे येत नाहीत. त्या 'देशाच्या' बायका म्हणून वेगळ्या कोपऱ्यात ठेवल्या जातात, आणि आपणही त्यांना तिथेच राहू दिलं आहे. येत्या चैत्रातल्या हळदीकुंकवांना आपल्यापैकी प्रत्येक गटाने एका तरी फौजी वस्तीत जावं, सधवा-विधवा न पाहता सगळ्यांना बोलवावं आणि त्यांना विचारावं, बाई, तुझ्या लग्नाचा कागद कुठे आहे? काय उत्तरं मिळतात ती अंकासाठी लिहून पाठवा. पुढच्या मोर्चात हातात धरायला आपल्याला तीच लागणार आहेत.